चांगल्या दिवसांचा अर्ज

९ जानेवारी

लिफ्टच्या मशीनखोलीत एक वही टांगलेली असते. कोण आलं, काय बिघडलं होतं, काय केलं, खाली सही. छत्तीस वर्षं मी अशा वह्या लिहिल्या. घराची वही कधी लिहिली नाही. ती हिच्याकडे असेल असं धरून चाललो होतो. आज सकाळपासून कपाटाचे खण, शिवणयंत्राचा डबा, पलंगाखालची पेटी, सगळं उपसलं. वही नाही. बायकोने सगळं डोक्यात ठेवलं होतं आणि नोव्हेंबरात ती डोकं घेऊन गेली.

शोधाशोध अशासाठी की ठकीच्या गोळ्या संपल्या. त्या संपतात हेच मला आज कळलं. ठकी म्हणजे माझी मुलगी. छत्तीस वर्षांची आहे. लहानपणी बाहुलीसारखी जिथे ठेवू तिथे बसायची, म्हणून हिने पाडलेलं नाव. सकाळी तिने गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्या कपाशेजारी आणून ठेवलं आणि उभी राहिली. मी म्हटलं, "काय?" तिने ते आणखी जवळ सरकवलं. मी पाकीट केरात टाकलं. दुपारी ते पुन्हा कपाशेजारी. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

औषधवाला म्हणाला, "वहिनी दर दोन महिन्यांनी पाच तारखेला यायच्या. तुम्ही अजून कसे आला नाहीत असं वाटलंच होतं मला." वाटलं होतं तर निरोप द्यायचा होता. चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा म्हणाला. चार दिवसांपुरत्या गोळ्या माझ्या तोंडाकडे बघून दिल्या.

म्हटलं, आता आपणच वही घालावी.

१२ जानेवारी

रुग्णालयात जाऊन आलो. मानसोपचार विभाग तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे, धोबीखान्याच्या पलीकडे. ठकी अकरा वर्षं इथे येते, मी आज पहिल्यांदाच. कामावर असायचो. ठकीला मात्र वाट पाठ. कुठला बाक डुगडुगतो तेही तिला ठाऊक. मी बसायला लागलो तर बाही ओढून दुसऱ्यावर बसवलं.

नर्सने विचारलं, "आज आई नाही आल्या?" मी सांगितलं. तिने फाइल उघडली. मग म्हणाली, "आणि आपण?"

"वडील."

"वडील आहेत?" म्हणाली आणि जीभ चावली. फाइलवर काहीतरी खोडून वर काहीतरी लिहिलं.

डॉक्टरीणबाई शांत वाटल्या. म्हणाल्या, "सरकारी साहाय्याचा अर्ज करा. मानसिक आजारही अपंगत्वात धरतात. दरमहा रक्कम मिळते, घरी मदतनीस येते, पुढेमागे राहण्याची सोयसुद्धा होते. तिच्या आईला मी तीनदा सांगितलं होतं. त्या म्हणायच्या, घरात चालणार नाही."

"कुणाला चालणार नाही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

हिने असं का सांगितलं असेल? घरात आम्ही तीन माणसं. मी तर कशालाच कधी नाही म्हटलेलं नाही.

१६ जानेवारी

अर्ज बावीस पानी आहे, पण सोपा. अर्ध्या तासात झाला. स्वतः आंघोळ करते? हो. स्वतः जेवते? हो. घराबाहेर एकटी जाते? हिच्याबरोबर जायची. म्हणजे जाते. हो. पैशांचे व्यवहार समजतात? गणिताची शिक्षिका होती, हे काय विचारणं झालं. हो.

'आजाराचे नाव' असा एक चौकोन होता. तो शेवटी भरला. आधी पेन्सिलीने, मग पेनाने. अक्षर जरा बारीक आलं.

संध्याकाळी दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा फोन. ठकी काय करते म्हणाला. नेहमीचं सांगितलं, घरून शिकवण्या घेते, कॉम्प्युटरवर. ठकी शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी सांगत असताना तिने मान खाली घातली. खाली काही पडलं असेल म्हणून मीही वाकून पाहिलं.

११ फेब्रुवारी

तपासणीचं बोलावणं आजचं होतं. तीन दिवस तयारी करून घेतली. ठकीला म्हटलं, ताठ बसायचं, विचारलं तेवढंच आणि स्पष्ट बोलायचं, हातांशी चाळा नको. सकाळी स्वतः तिचे केस विंचरले. मला जमत नाही, तीनदा गुंता सोडवावा लागला, पण तिने हूं की चूं केलं नाही. हिचा निळा स्वेटर घातला. छान दिसत होती. वाटेत कुणी पाहिलं असतं तर कचेरीत नोकरीला निघाली आहे असंच वाटलं असतं.

तपासनीस तरुण होता. घाईत होता. तारीख विचारली, वार विचारला, तिने सांगितला. मग म्हणाला, शंभरातून सात वजा करा, मग त्यातून सात, असं करत राहा. माणसं पाच-सहा पायऱ्यांत अडखळतात म्हणे. ठकी थेट खालपर्यंत गेली. तेवीस, सोळा, नऊ, दोन. "उरले दोन," म्हणाली. तो हसला. माझी छाती फुगली. अकरा वर्षांनी पोरीने कुणासमोर फळ्यावरचं गणित सोडवलं.

वीस मिनिटांत मोकळे. येताना तिला म्हटलं, शाब्बास.

१४ फेब्रुवारी

आल्यापासून ठकी उठलेली नाही. तीन दिवस. पाण्याचे दोन-तीन घोट, बस. भिंतीकडे तोंड करून पुटपुटते. काल चादर बदलावी लागली. मला आधी काय करावं सुचेना, मग केलं. तिने डोळे मिटून घेतले होते, मीही जमेल तेवढे मिटले.

दमली असेल. स्वेटर अजून अंगावर आहे.

३ मार्च

पत्र आलं. अर्ज नामंजूर. 'अर्जदार दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करण्यास सक्षम असून तिची एकाग्रता व सादरीकरण उत्तम आहे.'

खरं लिहायचं तर वाचून पहिल्यांदा बरंच वाटलं. सरकारने शिक्का मारून लिहून दिलंय की पोरगी ठीक आहे. पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं. मग लक्षात आलं की हे चांगलं पत्र नाही. तरी संध्याकाळपर्यंत काढलं नाही.

१९ मार्च

जुन्या कंपनीतून फोन आला. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, जुनं मॉडेल, नव्या पोरांना उघडता येईना. ठकीला म्हटलं, तासाभरात येतो. गेलो. लागले पाच तास.

परत आलो तर जिन्यावरून पाणी वाहत होतं. गुडघ्यांमुळे मी हल्ली थांबत थांबत चढतो, आज धावायला गेलो आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो. वर पोचलो तर दार उघडं, समोरच्या वहिनी साडी खोचून पाणी लोटत होत्या. ठकी मोरीच्या दारात उभी. मी निघताना तिथेच होती. नळ सोडला होता, बादली भरली, वाहायला लागली, आणि ही उभी. नळाकडे बघत. पाय पाण्यात भिजून पांढरे झाले होते.

मी म्हटलं, "वहिनी, जरा लक्ष नव्हतं तिचं. कामात असते ना, विचारात..."

वहिनींनी खराटा भिंतीला टेकवला. "भाऊजी, पुरे आता. दोघी गॅलरीत बसून आम्ही हिच्या गोळ्या मोजायचो. तुमच्या बायकोला ताप आला की ठकीला मी न्यायची दवाखान्यात. अख्ख्या इमारतीला माहीत आहे. तुम्हाला कळू द्यायचं नाही की आम्हाला माहीत आहे, एवढंच त्यांनी बजावलं होतं. 'यांना सोसणार नाही' म्हणायच्या."

मग त्यांनी ठकीला हाताला धरून आणलं, पाय पुसले. मला फडकं दिलं. कोपरे राहिले होते.

२० मार्च

आठवलं. सात-आठ वर्षं झाली असतील. हिने जेवताना विषय काढला होता, कसलासा सरकारी अर्ज. मी म्हटलं होतं, "पोरीचं नाव सरकारदरबारी वेडी म्हणून लावायचं का?" आणि जेवत राहिलो होतो. हिने पुन्हा काढला नाही.

म्हणजे मी नाही म्हटलं होतं.

२३ मार्च

अपील करायला साठ दिवस आहेत. साहाय्य कार्यालयाच्या तळघरात एक सल्लागार बाई बसतात. बिनपगारी. त्यांचा भाऊ अशाच आजाराचा, त्याच्यासाठी खेपा घालता घालता इथल्याच झाल्या म्हणे. खोलीत खिडकी नाही, दोन खुर्च्या आणि टेबलावर खोडरबरांचा ढीग.

माझा अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मग चष्मा काढला.

"काका, हा अर्ज कुणासाठी भरला होतात? नोकरीसाठी?"

मी पानं उलटून पाहिली.

"हे सगळे चांगले दिवस लिहिलेत. वाईट दिवस कुठे आहेत?"

"तिला जमतं हो सगळं. दोन-तीनदा सांगावं लागतं एवढंच."

"तुम्ही काय काम करायचात?"

सांगितलं.

"लिफ्ट दहातल्या सहा वेळा दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तर 'चालू' लिहून सही कराल?"

"छे. सील लावू तिला."

"मग इथे कशी केलीत?"

छत्तीस वर्षांत माझ्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि कोरा अर्ज दिला. म्हणाल्या, तीन आठवडे घरात नुसतं बघा. काय होतं ते लिहा, का होतं ते लिहू नका. लपवू नका, वाढवूही नका. आणि तिला विचारल्याशिवाय काही लिहू नका, तिचं आयुष्य आहे ते.

२४ मार्च

ठकीला विचारलं, "तुझ्याबद्दल लिहिलं तर चालेल?"

मी उठणार तेवढ्यात म्हणाली, "चालेल. पण मला वाचून दाखवा."

२८ मार्च

वेगळ्या वहीतल्या नोंदी, ठकीला वाचून दाखवलेल्या:

आंघोळ: आठ वाजता सांगितलं. साडेदहाला गेली. चार वेळा सांगावं लागलं. ("सहा," ठकी म्हणाली. "दोनदा तुम्ही दारामागून सांगितलंत." सहा लिहिलं.)

जेवण: पुढ्यात ठेवलं तर जेवते. ताट झाकून ठेवलं तर झाकणाकडे बघत बसते.

फोन वाजला: मोरीत जाऊन कडी लावली. चाळीस मिनिटं.

खिडकी: पडदा उघडा असेल तर त्या बाजूने जात नाही. भिंतीला चिकटून जाते. मला वाटायचं, तिला सावलीत चालायला आवडतं.

तिला हे वाचून दाखवताना मी वही तोंडाजवळ धरतो. तिचा चेहरा मात्र सैल होतो. दुरुस्ती सांगताना तर अगदी जुनी ठकी, वह्या तपासणारी. आज म्हणाली, "बाबा, तुमचं र्‍हस्व-दीर्घ वाईट आहे."

६ एप्रिल

अर्जात विचारलंय: 'भास होत असल्यास स्वरूप लिहा.' हे मला दिसणार कसं? अकरा वर्षं विचारलं नव्हतं. आज दुपारी ती पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती, तेव्हा विचारलं. घड्या घालताना तिला बोलणं सोपं जातं, हे मला नव्याने कळलंय.

"आवाज येतात," म्हणाली. "दिवसभर नाही. गर्दी असली किंवा शांतता फार असली की."

"ओळखीचे?"

"वर्गातल्या मुलांचे. एक बाई आहे, ती नुसती मोजते. आणि एक तुमचा."

"माझा? मी काय म्हणतो?"

तिने टॉवेलची कड जुळवली. "'हळू बोल, लोक ऐकतील.'"

मी लिहीत होतो ते थांबलो. ती म्हणाली, "लिहा ना. स्वरूप विचारलंय त्यांनी."

लिहिलं. तसंच्या तसं.

हे मी तिला कधी म्हटलं असेन? एकदा? सारखं? विचारायची हिंमत झाली नाही.

१८ एप्रिल

अपील भरून झालं. सल्लागार बाईंनी सांगितलं होतं, म्हणून पूर्ण अर्ज ठकीकडे वाचायला दिला. तिने दोन दिवस ठेवून घेतला. परत दिला तेव्हा कागद एका रेषेत लावलेले, कोपऱ्यात टाचणी. माझ्या चुका पेन्सिलीने सुधारलेल्या. मी पुन्हा चाळला नाही. शब्द न् शब्द माझाच होता. खिडकीवर देऊन पोच घेतली.

२२ मे

सुनावणी झाली. सकाळी कंगवा घेऊन विचारलं, "विंचरू?" म्हणाली, "आज नको." कंगवा खिशात ठेवला. दिवसभर तिथेच टोचत होता.

लांब टेबल, तिघं जण. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला टक्कल पडलेले एक साहेब. साहेब म्हणाले, "फेब्रुवारीत यांनी शंभरातून सात शेवटपर्यंत वजा केलेत. एकाग्रता उत्तम आहे."

मी म्हटलं, "साहेब, ती गणिताची बाई होती. तिला तुम्ही आकडे विचारलेत. तिला नळ बंद कर म्हणून सांगून बघा." मग बोलतच सुटलो. म्हटलं, त्या दिवशी केस मी विंचरले होते. ताठ बस, स्पष्ट बोल, हात हलवू नको, तीन दिवस घोकून घेतलं होतं. त्यानंतर ती तीन दिवस उठली नाही, चादर ओली झाली, ते तुमच्या कागदावर नाही. तुम्ही तपासलीत ती माझी शिकवण होती. ती चांगलीच आहे, छत्तीस वर्षं केलीय. चुकीची नोंद मी केली, सही माझी आहे.

ठकीसमोर हे सगळं बोललो. तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं. टेबलाच्या पायाकडे बघून बोललो.

अध्यक्षबाईंनी मग तिलाच विचारलं, "तुम्हाला मदत कशासाठी हवी आहे?"

ठकी बोलेना. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, "आम्हाला वेळ आहे." भिंतीवर घड्याळ होतं, मी त्याच्याकडेही पाहिलं नाही. एकेक मिनिट म्हणजे अडकलेल्या लिफ्टमधलं मिनिट होतं. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

शेवटी ती म्हणाली, "बाबा जिन्यात आधी एकदा थांबायचे. आता तीनदा थांबतात. मी आतून मोजते. ते गुडघे म्हणतात. गुडघ्यांनी दम लागत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

घरी येताना मी तिच्यावर रागावलो होतो. तिथे माझं काढायची काय गरज होती? विषय तिचा चालला होता.

११ जून

मंजूर.

पत्र वहिनींना दाखवलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग मलाच दटावलं, आधी स्वतःला डॉक्टरला दाखवून या. बघू.

दरमहाची रक्कम, आठवड्यातून तीन सकाळी मदतनीस. आणि खाली आणखी एक ओळ: 'देखरेखीखालील निवासात स्वतंत्र खोली, जागा उपलब्ध होताच, अर्जदाराच्या इच्छेनुसार (पान १९).'

आम्ही असं काही मागितलं नव्हतं. कचेरीची चूक असणार. उद्या जाऊन दुरुस्त करून घेतो.

१२ जून

चूक नाही. तळघरात सल्लागार बाईंकडे प्रत होती. पान एकोणीस मी कोरंच सोडलं होतं. त्यावर 'वेगळे राहण्याची इच्छा आहे' याच्यासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण, आणि 'कारण' या चौकोनात एकच ओळ. फळ्यावरच्यासारखं गोल, सरळ अक्षर.

'बाबा असतानाच शिकायचं आहे.'

काय शिकायचंय ते लिहिलेलं नाही. बाईंना विचारलं तर त्यांनी प्रत मिटून ठेवली आणि म्हणाल्या, "काका, चहा घेता का?"

घरी येऊन ठकीशी बोललो नाही. सबंध आयुष्य हिने काढलं तिच्यासाठी, आणि मी आत्ता कुठे आंघोळीला किती वेळा सांगायचं ते शिकलो. माझी चूक कुठे झाली? जेवताना ती म्हणाली, "रागावलात?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "वहीत खरं लिहा."

रागावलो आहे.

८ जुलै

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वहिनींनी ढकललं. गुडघे ठीक आहेत. हृदयाच्या गोळ्या दिल्यात, दोन प्रकारच्या. पाकीट घरी आणलं तर ठकीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून टाकली.

२६ जुलै

जागा झाली. आज तिला पोचवलं.

दुमजली घर आहे. चार बायका, चार खोल्या, एक सामाईक स्वयंपाकघर. देखरेखीला एक ताई राहतात, पन्नाशीच्या, हाताला पिठाचा वास येणाऱ्या. खोली लहान आहे. पलंग, टेबल, खिडकीला जाड पडदा. मी पडदा ओढून बघितला, कडी बघितली, नळ घट्ट होतो का बघितला. सगळं ठीक. एखादी तरी गोष्ट दुरुस्तीला निघेल असं वाटलं होतं. पिशवीत पाना आणला होता.

ठकी पलंगावर बसून होती, मांडीवर टॉवेल. त्याची कड पुन्हा पुन्हा जुळवत होती. मी म्हटलं, "नको असेल तर आत्ताच परत जाऊ. कुणी काही म्हणणार नाही." ती रडत होती. रडत रडत मान हलवली. नाही म्हणून.

ताईंनी सांगितलं, पहिले दोन आठवडे भेट नाही, फोन नाही. घडी बसू द्यावी लागते. त्यानंतर दर रविवारी तीन ते पाच.

जिना उतरताना कुठे थांबलो नाही. उतरायचंच तर होतं.

२९ जुलै

आज आठ वाजता, "ठकी, आंघोळ," असं म्हणालो. मोठ्याने. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा मुद्दाम.

३ ऑगस्ट

वहिनी दोन दिवस मुलीकडे गेल्यात. औषधवाल्याशी बोलायला म्हणून खोकल्याची गोळी आणली. खोकला नाही.

दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अरे, मला तुझ्या बायकोने केव्हाच सांगितलं होतं." त्यालाही! म्हणजे अकरा वर्षं मी फोनवर शिकवण्यांचे दाखले देत होतो आणि तो "वा वा" म्हणत होता. मला हसू आलं. तोही हसला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी एकटाच असा होतो, ज्याच्यापासून काहीतरी लपवून ठेवावं लागायचं.

७ ऑगस्ट

परवा रविवार. काय न्यावं? फळं. तिचा लाकडी कंगवा इथेच राहिलाय, तो. नको, कंगवा नको. फळंच.

९ ऑगस्ट

तीनला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट. घंटा वाजवली. ताई दारात आल्या, दार अर्धं धरून.

"काका, ठकी आज भेटणार नाही म्हणते."

"आजारी आहे?"

"नाही. मी म्हटलं, बाबा लांबून आलेत, पाच मिनिटं खाली ये. तर म्हणाली, 'आजचा दिवस चांगला नाही. बाबांना तसंच सांगा.'"

"असंच म्हणाली? याच शब्दांत?"

"याच. आणि म्हणाली, तुम्ही रागवणार नाही."

मी फळांची पिशवी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, नाही रागावलो. ताईंनी दार लावलं. मी फाटकाशी आलो, फाटक उघडलं, पुन्हा लावून घेतलं. ते बाहेरून घट्ट लागत नाही, उचलून धरावं लागतं.

जन्मात पहिल्यांदा ठकीने मला भेटायला नाही म्हटलं. ताठ बसून दाखवलं असतं तिने, मला माहीत आहे. दोन तास बसली असती, हसली असती, आणि मग तीन दिवस उठली नसती. तसं नाही केलं. नाही म्हणून सांगून पाठवलं, ताईंसमोर, मोठ्याने.

हे चांगलं झालं, हे मला कळतंय. कळतंय म्हणून इथे लिहून ठेवतो.

रस्त्याच्या पलीकडे बाक आहे. तिथून वरच्या चार खिडक्या दिसतात. तिची कुठली ते ठाऊक आहे, पडदा लावलेला होता. घरी जाऊन काय करायचं होतं? भेटीची वेळ पाचपर्यंत होती. पाचपर्यंत बसलो आणि मग उठलो.